धातूच्या इलेक्ट्रॉनची किंमत कोण मोजते?

सोडिअमच्या अणूने एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की त्याचे अष्टक पूर्ण होते, म्हणजे बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन उरतात, तो स्थिर होतो आणि म्हणून त्याचा धन आयन बनतो, हे वाक्य मी शाळेत पाठ केले, पुढे शिकवण्या घेताना कित्येक मुलांकडून पाठ करून घेतले आणि त्यात काही खटकण्यासारखे आहे असे मला अनेक वर्षे वाटले नाही. ते खटकले भाचीमुळे. वहीत सोडिअमच्या केंद्रकाभोवती तीन वर्तुळे काढून, सर्वांत बाहेरचा एकटा ठिपका खोडता खोडता तिने विचारले, "मावशी, त्याला इलेक्ट्रॉन द्यायचाच आहे ना, मग घेणारा समोर येईपर्यंत थांबतो कशाला? आपला आपण टाकून का देत नाही?" मी सवयीने अष्टकाचे उत्तर दिले. त्यावर ती म्हणाली, "आठ झाले हे आपल्याला कळतं. अणूला कुठे मोजता येतं?"

त्या संध्याकाळी मी आयनीभवन ऊर्जांचा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते याचा, तक्ता काढून बसले आणि माझ्याच पाठ केलेल्या वाक्याकडे नव्याने पाहू लागले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मुलांची पहिली अडचण बहुधा तिथेच होते. धन आयन म्हणजे कुठून तरी धन प्रभार मिळवलेला अणू नव्हे. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन असतात आणि इलेक्ट्रॉन गेल्यानंतरही ते ११च राहतात. केंद्रकाला या सगळ्या व्यवहाराचा स्पर्शही होत नाही. बाहेर ११ इलेक्ट्रॉन होते ते १० उरले, ११ प्रोटॉनांपैकी एकाचा प्रभार उघडा पडला आणि बेरीज अधिक एक झाली, इतकेच. म्हणजे हे 'अधिक' चिन्ह वजाबाकीतून आलेले आहे.

आता ही वजाबाकी फुकट होते का, हा भाचीचा खरा प्रश्न. तक्ता सांगतो की वायुरूपातील एक मोल (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या) सुट्या सोडिअम अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर ४९६ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून घालावी लागते. घालावी लागते, मिळत नाही. एकटा सोडिअमचा अणू आपला शेवटचा इलेक्ट्रॉन टाकायला मुळीच उतावीळ नसतो. केंद्रक धन आहे, इलेक्ट्रॉन ऋण आहे आणि दोघांमधील ओढ तोडण्यासाठी कोणत्याही मूलद्रव्याच्या बाबतीत किंमत मोजावीच लागते. ज्याची ही किंमत सर्वांत कमी मानली जाते अशा मूलद्रव्यांपैकी एक असलेल्या सिझिअमलाही ३७६ किलोज्यूल लागतात. धातू आणि अधातू यांच्यातील फरक धातू उदार असतात आणि अधातू लोभी असतात असा नाही. धातूंकडून इलेक्ट्रॉन काढणे कमी महाग पडते, असा आहे.

बरे, घेणारा क्लोरीन तरी पुरेशी किंमत देतो का? क्लोरीनच्या सुट्या अणूला इलेक्ट्रॉन मिळाला की एका मोलमागे ३४९ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. सोडिअमकडून काढायला ४९६, क्लोरीनला दिल्यावर परत आले ३४९; हिशेब १४७ने तुटीत राहिला. याचा अर्थ असा की एकमेकांपासून खूप दूर असलेला सोडिअमचा अणू आणि क्लोरीनचा अणू यांच्यात कोणतीही देवघेव होणार नाही, मग एकाला सात आणि दुसऱ्याला एक हे गणित कागदावर कितीही सुबक जुळो. अष्टकाच्या नियमाने या ठिकाणी मला पहिल्यांदा उघडे पाडले, असे म्हणायला हरकत नाही.

ही तूट भरून काढतो तो दोन्ही आयनांमधील आकर्षणाचा व्यवहार. इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला की समोरासमोर एक धन आणि एक ऋण प्रभार उभा राहतो आणि ते जितके जवळ येतील तितकी ऊर्जा मोकळी होते. कूलोमच्या नियमाने साधे गणित केले तर सोडिअम आणि क्लोरीन यांच्यातील अंतर सुमारे ०.९४ नॅनोमीटरपर्यंत कमी झाले की तूट बरोबर शून्यावर येते. त्याहून जवळ आले की इलेक्ट्रॉनने उडी मारणे फायद्याचे ठरते. गंमत अशी की हे अंतर दोन अणूंच्या नेहमीच्या स्पर्शाच्या अंतरापेक्षा बरेच मोठे आहे. अल्कधातूंची (सोडिअमच्या गटातील धातूंची) वाफ आणि हॅलोजन (क्लोरीनच्या गटातील मूलद्रव्ये) यांच्यातील अभिक्रिया अपेक्षेपेक्षा खूप जास्त सहज घडते, याचा उलगडा रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलान्यी यांच्या कामातून पुढे आलेल्या ज्या कल्पनेने झाला, तिचे नावच देवमाशाच्या शिकारीतील हारपूनवरून पडले आहे: धातूचा अणू आपला इलेक्ट्रॉन भाल्यासारखा लांबवर फेकतो आणि मग दोन प्रभारांमधील ओढीचा दोर समोरच्याला खेचून आणतो. मला हे चित्र दान करणाऱ्या सोडिअमच्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक खरे वाटते.

मिठाच्या स्फटिकात तर प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम असतात, आणि शेजाऱ्यांमधील अंतर ०.२८ नॅनोमीटर इतके कमी असते. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी १९१९ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्या आधारे हा पूर्ण हिशेब ओळीने लिहिता येतो. घन सोडिअममधून सुटे अणू मिळवायला १०७ किलोज्यूल, त्यांतून इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनच्या रेणूतील बंध तोडून एक मोल अणू मिळवायला १२२, असे एकूण ७२५ किलोज्यूल खर्ची पडतात. क्लोरीनकडून ३४९ परत येतात. उरलेली ३७६ची उधारी एकटा स्फटिक फेडतो, कारण सुटे आयन एकत्र येऊन जाळीत बसताना सुमारे ७८७ किलोज्यूल मोकळे होतात, आणि वर ४११ शिल्लक राहतात. सोडिअम क्लोरीनमध्ये जळताना जी प्रखर पिवळी ज्योत दिसते, तिच्यामागे ही शिल्लक असते. (जाता जाता: तो पिवळा रंग सोडिअम आयनाचा नसतो. ज्योतीच्या उष्णतेत तटस्थ सोडिअम अणूंचा बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाऊन परत खाली येतो, तेव्हा सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा तो प्रकाश बाहेर पडतो. ज्याच्याकडे तो इलेक्ट्रॉन उरलेलाच नाही, त्याला हा रंग देता येत नाही.)

मग अष्टक सर्वस्वी खोटे का? तसेही नाही. इलेक्ट्रॉन का जातो याचे उत्तर अष्टकात नाही, पण किती जातात आणि कुठे थांबतात याचे उत्तर त्याच्या आसपास सापडते, आणि ते समजून घ्यायला त्या खोडलेल्या ठिपक्याच्या जागी जाऊन पाहावे लागते. सोडिअमच्या सर्वांत बाहेरच्या, म्हणजे एम कवचातील इलेक्ट्रॉनला केंद्रकातील ११ प्रोटॉन सरळ जाणवत नाहीत, कारण मध्ये के आणि एल कवचांतील दहा इलेक्ट्रॉन आडवे आलेले असतात. स्लेटरच्या ढोबळ नियमांनी मोजले तर त्याला जाणवणारा प्रभार केवळ २.२ इतका भरतो. त्याच अणूच्या एल कवचातील इलेक्ट्रॉनला मात्र सुमारे ६.८५ इतका प्रभार ओढत असतो, शिवाय तो केंद्रकाच्या बराच जवळ असतो. त्यामुळे पहिला इलेक्ट्रॉन ४९६ किलोज्यूलला सुटतो आणि दुसरा काढायला गेल्यास एकदम ४५६२ मोजावे लागतात. ही नऊपटीहून मोठी उडी कोणताही स्फटिक भरून काढू शकत नाही. सोडिअम एका इलेक्ट्रॉनवर थांबतो तो आठ हा आकडा शुभ आहे म्हणून नव्हे. पुढचा इलेक्ट्रॉन परवडत नाही म्हणून.

मॅग्नेशिअमकडे पाहिले की हे अधिक लख्ख दिसते. त्याचा पहिला इलेक्ट्रॉन ७३८ किलोज्यूलला जातो, दुसरा १४५१ला आणि तिसरा ७७३३ला. दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे, तरी मॅग्नेशिअम एकावर थांबत नाही, कारण दोन एकक प्रभाराचा लहानसा आयन स्फटिकात बसला की मिळणारी ऊर्जा कितीतरी वाढते. मॅग्नेशिअम क्लोराइडच्या बाबतीत ती सुमारे २५०० किलोज्यूल असते, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉनांचा २१८९चा खर्च तिच्यात सामावतो. एकावर थांबलेले मॅग्नेशिअम संयुग बनलेच, तर त्याच्या दोन भागांतून एक भाग धातू आणि एक भाग दोन प्रभारांचे संयुग होणे अधिक फायद्याचे ठरते. तिसऱ्याचे ७७३३ मात्र कोणीच देत नाही.

ॲल्युमिनिअमपाशी या पद्धतीची ताणली गेलेली शीव दिसते. तीन इलेक्ट्रॉनांची एकूण किंमत ५१४० किलोज्यूल होते. ऑक्साइडच्या घट्ट स्फटिकात ती वसूल होते, पण निर्जल ॲल्युमिनिअम क्लोराइडमध्ये सुटा तिहेरी धन आयन आहे असे म्हणणे धाडसाचे ठरते. साधे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, तर हे क्लोराइड सुमारे १८० अंशांनाच घनरूपातून थेट वाफ होते आणि वाफेत दोन-दोन ॲल्युमिनिअम अणू असलेल्या जोडरेणूंच्या रूपात वावरते. वहीत आपण तीन बाण काढून तीन इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे पाठवतो. प्रत्यक्षात ते वाटून घेतलेले असतात.

लोखंडाची गोष्ट वेगळी आणि थोडी अवघड आहे. त्याचे इलेक्ट्रॉन भरताना ४एस ही चौथ्या कवचातील पातळी तिसऱ्या कवचातील ३डीच्या आधी भरते, असे आपण शिकतो आणि त्यावरून शेवटी भरलेले ३डी आधी जातील असा अंदाज बांधतो. जातात मात्र ४एसमधील दोन, आणि उरलेल्या आयनात सहा ३डी इलेक्ट्रॉन राहतात. भरण्याचा क्रम आणि काढण्याचा क्रम एकच असावा, ही समजूत चुकीची आहे, कारण प्रत्येक अणूत केंद्रकाचा प्रभार वेगळा असतो आणि पातळ्यांचे चढउतार त्याप्रमाणे बदलतात. लोखंड पुढे आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून तिहेरी आयनही बनवते, आणि इथे अष्टकाचा कुठेही संबंध येत नाही. संक्रमण धातूंचे निरनिराळे आयन म्हणजे निरनिराळ्या परिस्थितीत काय परवडले याची नोंद असते.

आतापर्यंत किंमत मोजणारा स्फटिक होता. पाण्यात ती पाणी मोजते. पाण्याच्या रेणूतील ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण असते, त्यामुळे धन आयनाभोवती पाण्याचे रेणू त्या बाजूने तोंड करून गोळा होतात आणि त्यातून बरीच ऊर्जा मोकळी होते. लिथिअम हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला त्याला ५२० किलोज्यूल लागतात, म्हणजे सगळ्या अल्कधातूंत तो सर्वांत चिवट. तरीही पाण्यात कोणता धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो हे सांगणाऱ्या प्रमाण विद्युतविभवाच्या तक्त्यात तो उणे ३.०४ व्होल्टसह सर्वांत टोकाला बसतो, सोडिअमच्या उणे २.७१च्याही पलीकडे. कारण त्याचा आयन इतका लहान असतो की पाणी त्याला अगदी जवळून वेढते आणि जवळजवळ तेवढीच ऊर्जा परत करते. नुसत्या अणूकडे पाहून धातूची वृत्ती ठरवणाऱ्याला हा तक्ता समजणारच नाही.

भाचीला हे आकड्यांनी पटवण्यापेक्षा डोळ्यांनी दाखवावे म्हणून आम्ही मोरचुदाचे निळे द्रावण केले आणि त्यात एक खिळा सोडला. पहिला प्रयत्न फसला, कारण खिळा जस्ताचा मुलामा दिलेला निघाला आणि त्यावर काळपट भुसभुशीत थर बसला. अभिक्रिया झाली होती, पण ती जस्ताची. दुसरा साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि दोऱ्याने अर्धाच बुडवला. काही मिनिटांत बुडालेला भाग तांबूस झाला, पाण्याच्या रेषेवर रंगाची स्पष्ट सीमा उमटली आणि दुसऱ्या दिवशी द्रावणाचा निळेपणा ओसरून त्यात फिकट हिरवट छटा आली. लोखंडाचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन म्हणून पाण्यात उतरत होते आणि तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन खिळ्यावर धातू म्हणून बसत होते.

इथेही हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तांब्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन काढायला लोखंडापेक्षा सुमारे ३८० किलोज्यूल जास्त लागतात. तांब्याच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत: घन तांब्यातून सुटा अणू काढणे सुमारे ८० किलोज्यूलने स्वस्त पडते, आणि त्याच्या आयनाला पाणी सुमारे १५० जास्त देते. तरीही सगळे वजा जाता लोखंड सुमारे १५० किलोज्यूलने स्वस्त उरते, आणि खिळ्यावर तांबे चढते. 'जास्त क्रियाशील धातू कमी क्रियाशील धातूला विस्थापित करतो' हे वाक्य चुकीचे नाही. फक्त ते उत्तर नसून निकाल आहे.

यात एक कोपरा अजून राहिला होता. वहीतल्या चित्रात एकटा अणू असतो, पण हातात येतो तो धातूचा तुकडा. तुकड्यामध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन आधीच कोणा एका अणूचे राहिलेले नसतात. धन आयनांच्या रचनेत ते सर्वत्र पसरलेले असतात. एका सुट्या सोडिअम अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (मोलमागचे तेच ४९६ किलोज्यूल, एका अणूच्या मापात) लागतात, तर सोडिअमच्या तुकड्याच्या पृष्ठभागातून तो बाहेर काढायला सुमारे २.३ पुरतात. एका अर्थाने धातूच्या तुकड्यात आयन आधीपासून बसलेलेच असतात, आणि रासायनिक अभिक्रिया त्यांच्यातील सामायिक इलेक्ट्रॉन पळवून नेते.

पळवून नेण्याचा वेग किती असू शकतो, हे २०१५ मध्ये प्रागमधील पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पाण्यात टाकलेला सोडिअम किंवा पोटॅशिअम फुटतो तो तयार झालेला हायड्रोजन पेटल्यामुळे, असे आम्ही शिकलो होतो. त्यात एक अडचण होती: हायड्रोजन आणि वाफ यांचा थर धातू आणि पाणी यांच्यामध्ये आला की अभिक्रिया मंदावायला हवी. या गटाने सोडिअम-पोटॅशिअमच्या द्रवरूप मिश्रधातूचा थेंब पाण्यावर सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले, तेव्हा स्पर्शानंतर एका मिलिसेकंदाच्याही आत थेंबातून चहूबाजूंनी काटे बाहेर फुटताना दिसले. इलेक्ट्रॉन इतक्या झपाट्याने पाण्यात निघून जातात की पृष्ठभागावर उरलेले धन आयन एकमेकांना ढकलू लागतात आणि धातू स्वतःच फाटतो, ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि अभिक्रिया भडकते. धन प्रभार नावाची पुस्तकी गोष्ट धातूला उभी फाडते, हे पाहताना मी ती चित्रफीत पाच-सहा वेळा मागे नेली.

उलट दिशेचे काम किती कष्टाचे असते, ते १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी अनुभवले. किंचित ओलसर पोटॅशमधून शक्तिशाली विद्युतघटाचा प्रवाह सोडून त्यांनी पोटॅशिअम आणि काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यापासून सोडिअम पहिल्यांदा वेगळा केला, म्हणजे आयनांना त्यांचे इलेक्ट्रॉन जबरदस्तीने परत दिले. अर्थात इलेक्ट्रॉन हा शब्द तेव्हा नव्हता. 'आयन' आणि 'कॅटायन' (म्हणजे धन आयन) ही नावे मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये विल्यम व्ह्यूएल यांच्या सल्ल्याने वापरात आणली, आणि जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. काय गेले हे कळण्याच्या ६३ वर्षे आधी, जे उरले त्याचे नामकरण होऊन गेले होते.

धातू नेहमी धन आयनच बनवतात का, असेही भाचीने विचारून घेतले. जवळजवळ नेहमी. पण सिझिअम आणि सोने यांच्या संयुगात सोने इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होते, आणि १९७४ मध्ये जेम्स डाय यांच्या गटाने ज्या स्फटिकाचे वर्णन केले त्यात निम्मे सोडिअम धन आयन आणि निम्मे चक्क ऋण आयन होते. धन सोडिअमला एका पिंजऱ्यासारख्या मोठ्या रेणूने आत घेऊन किंमत मोजली होती, म्हणून ते शक्य झाले.

तिच्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे घेणारा नसताना सोडिअम इलेक्ट्रॉन टाकून देईल का याला, खरे उत्तर द्रवरूप अमोनियात मिळते. उणे ३३ अंश सेल्सिअसच्या खाली राखलेल्या त्या द्रवात सोडिअमचा तुकडा टाकला की गर्द निळा रंग पसरू लागतो. समोर क्लोरीन नाही, तांब्याचा आयन नाही. सोडिअमचे आयन अमोनियाच्या रेणूंनी वेढलेले असतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन अमोनियाच्याच रेणूंमध्ये जागा करून सुटे राहतात. तो निळा रंग त्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो. सोडिअम जास्त विरघळवला की द्रावण कांस्यासारखे झळकू लागते. आणि ताज्या द्रावणातला अमोनिया उडून जाऊ दिला, की आयनांना वेढणारे कोणी उरत नाही, इलेक्ट्रॉन परत येतात आणि भांड्याच्या तळाशी पुन्हा सोडिअम धातू दिसतो.